चांगली पक्कड ओळखायची कशी? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार रिवाइंडिंगवाले, वायरमन, ठिबकची कामं करणारी पोरं, आयटीआयचे विद्यार्थी, जळगावच्या सराफ बाजारातले कारागीर. पक्कड घ्यायची म्हटलं की सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी, पुढचे ज्याच्या-त्याच्या कामाचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आलेली असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, चारशेची पक्कडही तार कापते आणि तीन हजारांचीही. मग फरक कुठे पडतो?

पहिल्या आठवड्यात फारसा पडत नाही. नवी असताना बहुतेक सगळ्याच पक्कडी तांब्याची तार कापतात. फरक दिसतो तो वर्षभराने, आणि रोज संध्याकाळी तुमच्या मनगटात. महाग पक्कडीचा पैसा तीन ठिकाणी गेलेला असतो: सांधा किती बारकाईने बसवलाय, धारेला पाणी (म्हणजे तापवून, थंड करून कडक करणं) किती नेमकं दिलंय आणि दोन्ही अर्धे एकमेकांशी किती जुळवून घासलेत. या तिन्ही गोष्टी फोटोत दिसत नाहीत, म्हणून ऑनलाइन घेताना लोक मुठीच्या रंगावर भाळतात. मूठ शेवटी बघायची.

ज्याला महिन्यातून एकदा पक्कड लागते, त्याला चांगली देशी पक्कड पुरते. त्याने तीन हजार घालवू नयेत, हे मी स्पष्ट सांगतो. दिवसभर हातात पक्कड असणाऱ्याचं गणित वेगळं.

२. दुकानात उभ्या उभ्या काय तपासू? दुकानदार तार कापून बघू देत नाही.

तार न कापताही बरंच कळतं. पक्कड अर्धवट उघडा, दोन्ही दांड्या धरा आणि जबडे एकमेकांवर आडवे हलवून बघा. वर-खाली उघडझाप व्हायलाच हवी, पण आडवा खेळ अजिबात नको. बोटांना ‘कट’ असं जाणवलं तर ती पक्कड तिथेच ठेवा. आज केसाएवढा असलेला खेळ वापरून वाढतच जातो.

मग हलक्या हाताने मिटा आणि उजेडाकडे धरा. साध्या पक्कडीत जबड्यांची टोकं आधी टेकायला हवीत आणि सांध्याकडे बारीकशी फट राहायला हवी. जोर दिला की ती फट जवळजवळ नाहीशी होते. हे मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण जोर लावल्यावर पोलाद किंचित वाकतं. उलटं असेल, म्हणजे मागे टेकलंय आणि टोकाला उजेड दिसतोय, तर टोकात धरलेली बारीक तार सटकणार.

साइड कटर, म्हणजे नुसती तार कापायची तिरप्या धारेची पक्कड असेल, तर वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन धारेच्या अगदी टोकाने कापा. कागद स्वच्छ कापला जायला हवा. तो दुमडून दोन धारांच्या मध्ये शिरला, तर धारा समोरासमोर येत नाहीत, एकमेकींच्या बाजूने जातात.

शेवटची गोष्ट कुणी करत नाही, पण मला सगळ्यात खात्रीची वाटते: त्याच मॉडेलचे तीन नग मागवून शेजारी ठेवा. चांगल्या कारखान्याचे तिन्ही नग सारखे उघडतात, सारखे मिटतात. एक घट्ट, एक ढिला, एक वाकडा असेल तर तपासणी कशी होते ते कळलं. आणि मिटताना दांड्यांमध्ये बोटाची कातडी सापडत नाही ना, हेही तिथेच बघून घ्या.

३. सांधा कुठला चांगला? रिवेटचा की स्क्रूचा?

आधी सांध्याची घडण बघा, रिवेट-स्क्रू नंतर. बहुतेक पक्कडींत दोन्ही अर्धे निम्मे-निम्मे कोरून एकावर एक बसवलेले असतात. नीट घासलेले असतील तर हा सांधा आयुष्यभर जातो. दुसऱ्या प्रकारात एक अर्धा दुसऱ्याच्या पोटातून आरपार गेलेला असतो. हा करायला अवघड, म्हणून महाग, पण दोन्ही बाजूंनी आधार मिळाल्यामुळे जबडे आडवे हलत नाहीत. बारीक कामाच्या आणि सराफी पक्कडींत तो दिसतो (प्रश्न १०).

स्क्रूचा फायदा असा की पुढे ढिला झाला तर आवळता येतो. पण स्क्रू आहे म्हणून पक्कड चांगली असं नाही. रिवेटच्या भोवती बघा: गोलाकार एकसारखा आहे का, आजूबाजूच्या पोलादावर घणाचे वेडेवाकडे ठसे आहेत का. ठसे असतील तर सांधा ठोकून कसाबसा बसवलाय.

४. पक्कडीवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ छापलंय. म्हणजे पोलाद उत्तम ना?

त्यावरून पोलादात काय मिसळलंय ते कळतं, त्याचं केलं काय ते कळत नाही. एकाच पोलादाची विळी एक लोहार अशी करतो की दोन हंगाम जाते, दुसरा अशी की पंधरवड्यात बोथट होते. फरक पाणी देण्यात असतो.

पक्कडीत दोन उलट गुण एकत्र लागतात. धार कडक हवी, अंग चिवट हवं. सगळंच कडक केलं तर दांडी किंवा जबडा काचेसारखा तडकेल. म्हणून चांगले उत्पादक आख्खी पक्कड आधी चिवट करतात आणि मग फक्त धारेची पट्टी विजेच्या वेटोळ्याने क्षणभर तापवून, लगेच थंड करून कडक करतात. कडकपणा रॉकवेल सी मापात सांगतात. चांगल्या पक्कडीची धार साधारण ६०च्या आसपास असते, कडक तारेसाठीच्या कटरची ६४ पर्यंत जाते. असा आकडा कॅटलॉगमध्ये दिलेला असेल तर तो ‘क्रोम व्हॅनेडियम’ या शब्दांपेक्षा जास्त उपयोगाचा. साध्या कार्बन पोलादाच्याही उत्तम पक्कडी असतात.

५. एकाच पक्कडीने तांबं, बांधणीची तार, क्लच वायर सगळं कापलं तर?

धार जाते. ती जाते कुठल्या तारेने हे लक्षात येत नाही, आणि दोष पक्कडीला मिळतो.

तांबं, अॅल्युमिनियम आणि सळईला बांधायची काळी तार ही मऊ. खिळा आणि कुंपणाची जीआय (जस्त चढवलेली) तार मध्यम. सायकलचा स्पोक, स्प्रिंगची तार ही कडक, आणि पियानो वायर त्याहून कडक. चांगल्या कंपन्या प्रत्येक प्रकारासाठी किती मिलिमीटरपर्यंत कापायचं ते वेगळं देतात. मऊ तारेच्या समोरचा मोठा आकडा वाचून स्पोक कापायला जाऊ नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त पक्कडी खाते ती शेतावरून जाणाऱ्या लाइनची जुनी तार. वरून अॅल्युमिनियम दिसतं, पण मध्ये पोलादी गाभा असतो. वरचे पदर झटकन कापले जातात, माणूस त्याच जोरात पुढे जातो आणि धारेला खाच पडते. अशी तार कापायला वेगळा कटर ठेवा.

क्लच वायर, ब्रेक वायर, बोअरमध्ये मोटारीला सुरक्षिततेसाठी बांधतात तो पोलादी दोर, हे सगळं बारीक तारांचं विणलेलं असतं. साध्या धारेत ते चपटं होऊन विस्कटतं. त्यासाठी गोलाकार धारेचा दोर-कटर मिळतो, तो तारा चहूबाजूंनी एकत्र धरून कापतो.

आणि तार कापताना ती होईल तेवढी सांध्याजवळ घ्या. टोकाने कडक तार कापणं आणि कापताना पक्कड डावी-उजवीकडे हलवणं, या दोन सवयींनी चांगली पक्कडसुद्धा टिकत नाही. चष्मा लावा, कडक तारेचा तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

६. ‘अर्ध्या ताकदीत कापणारा’ कटर, हे खरं की जाहिरात?

तत्त्व खरं आहे. अडकित्त्यात सुपारी जेवढी खिळीजवळ, तेवढी ती सहज फुटते; कटरचंही तसंच. मुठीवर हात जिथे पडतो ते अंतर सांध्यापासून १२० मिलिमीटर धरा. धार सांध्यापासून २० मिलिमीटरवर असेल तर हाताचा जोर सहापट होतो. उत्पादकाने सांधा पुढे सरकवून तेच अंतर १२ वर आणलं तर दहापट. लांबी तीच, वजन जवळपास तेच, पण तार कापताना तळहाताला लगेच जाणवतं.

याची किंमत मोजावी लागते ती तोंडाच्या उघडण्यात. जोर वाढला की जबडा कमी उघडतो, जाड केबल आत जात नाही. शिवाय एवढा जोर सांध्याच्या खिळीवर येतो, त्यामुळे स्वस्त कटरमध्ये ही रचना उचलली तर आधी सांधाच ढिला होतो. म्हणून या प्रकारात प्रश्न २ मधली आडव्या खेळाची तपासणी दुप्पट काळजीने करा. माझ्या मते महाग हत्यार घ्यायचंच तर पहिलं हेच घ्यावं. रोज शेकडो वेळा तार कापणाऱ्या माणसाचं मनगट वाचतं.

७. साइड कटरने केबल टाय कापला की टोक सुरीसारखं टोचतं. कटर खराब आहे का?

नाही. साध्या कटरची धार दोन्ही बाजूंनी उतरती असते, त्यामुळे कापलेलं टोक छपरासारखं उरतं. टाय किंवा सर्किटवरची पिन सपाट कापायची असेल तर एका बाजूने सपाट असलेला बारीक कटर लागतो. त्याची धार पातळ, म्हणून नाजूक. मोबाइल दुरुस्तीवाल्यांनी तो फक्त तांबं आणि प्लास्टिकसाठी ठेवावा. एक खिळा कापला की संपला.

८. मूठ कशी घ्यावी? जाड रबरी कव्हर की साधी प्लास्टिकची?

हे हातावर आणि कामावर आहे. साध्या प्लास्टिकमध्ये बुडवलेली मूठ बारीक असते, खिशात-पट्ट्यात सहज जाते, आणि बोटांना तारेचा अंदाज चांगला लागतो. दिवसभर जोर लावायचा असेल तर जाड, दोन थरांची मूठ बरी. जोर तळहातावर पसरतो, एका रेघेत रुतत नाही.

मी दोन गोष्टी बघतो. पक्कड कामापुरती उघडल्यावर चारही बोटं बाहेरच्या दांडीवर पोचतात का? नसतील पोचत तर २०० मिलिमीटर लांबीची सोडून १८० किंवा १६० घ्या. मोठी पक्कड ताकदवान दिसते, पण ज्या हातात ती मावत नाही त्या हाताला तिचा फायदा नाही. आणि दुसरं, दांडीचं टोक तळहाताच्या मधोमध रुतत नाही ना.

आपल्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर ठेवलेली पक्कड हातात धरवत नाही. हलक्या प्रतीचं प्लास्टिक अशा उन्हात चिकट होतं, मग दांडीवरून फिरू लागतं, आणि घामाच्या हातात फिरणारी मूठ धोक्याची. दुकानात मूठ पिळून बघा. जरा जरी फिरली तर नको.

९. मुठीवर १००० व्होल्ट लिहिलंय. चालू लाइनवर वापरू का?

आधी खरं-खोटं ओळखा. नुसती लाल-पिवळी मूठ म्हणजे इन्सुलेशन नाही. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनवलेल्या हत्यारावर एकात एक अडकवलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं कोरलेलं असतं. ही मर्यादा एसीसाठी १०००, डीसीसाठी १५०० व्होल्ट, आणि चाचणी १०,००० व्होल्टला होते. मुठीला जबड्याकडे उंच कड असते, बोट पुढे घसरू नये म्हणून.

एवढं असूनही माझं उत्तर तेच: सप्लाय बंद करूनच काम करा. पक्कडीचं इन्सुलेशन चूक झाली तर वाचवायला आहे, चालू लाइनवर हात घालायला नाही. ओल्या शेतात अनवाणी उभं राहून तर कधीच नाही. ११ केव्हीच्या लाइनशी या पक्कडीचा काही संबंध नाही, तिथे महावितरणचा माणूसच हवा.

शेतात आणखी एक धोका असतो, ‘ऑटो’चा. लाइट गेली म्हणून माणूस निर्धास्त हात घालतो आणि रात्री थ्री-फेज आली की ऑटो स्टार्टर मोटार आपोआप चालू करतो. ऑटो बंद, मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात, मग टेस्टर लावून खात्री, आणि त्यानंतर पक्कड.

मुठीला चीर पडली, ठिणगीने भोक पडलं किंवा आतला दुसरा रंग दिसू लागला तर ती पक्कड विजेच्या कामातून बाद. वरून टेप गुंडाळून ती परत १००० व्होल्टची होत नाही.

१०. सराफी कामाला मोठ्या कंपनीची महागडी नोज पक्कड (लांब निमुळत्या तोंडाची) चालेल?

दाते असलेली असेल तर नाही, किंमत कितीही असो. सोन्यावर दात्याचा ठसा उमटला की तो घासून काढावा लागतो, आणि घासलं की सोनं जातं. जबडे आतून गुळगुळीत, कडा किंचित मारलेल्या, सांधा आरपार आणि दांड्यांमध्ये स्प्रिंग, अशी पक्कड हवी. पत्रा किंवा चपटी तार धरायला समांतर मिटणारी पक्कड घ्या; साधी पक्कड कात्रीसारखी मिटते, त्यामुळे वस्तू टोकाकडे ढकलली जाते. इथे टोक तपासताना केसाचा उपयोग करा: टोकात धरलेला एक केस ओढल्यावर सुटला नाही पाहिजे.

११. वॉटर पंप प्लायर (जबड्याचं माप बदलता येणारी, पाइप धरायची पक्कड) पाइपवरून सटकतो. महागाचा घेतला तर सटकणार नाही का?

कमी सटकेल, पण आधी धरण्याची दिशा बघा. दांडी ओढताना जबडे पाइपवर आणखी आवळले गेले पाहिजेत. उलटा धरला तर जोर जबडे उघडायला लागतो आणि जगातला कुठलाही प्लायर सटकतो. निम्म्या तक्रारी प्लायर फिरवून धरला की मिटतात.

चांगल्या प्लायरच्या दात्यांची दिशा फिरवण्याच्या विरुद्ध असते, दाते कडक केलेले असतात, त्यामुळे तो पाइपला एकदा बसला की दांड्या दाबून धराव्या लागत नाहीत. माप बटण दाबून बदलतं आणि जोर पडल्यावर घर, म्हणजे मापाची खाच, सोडत नाही. स्वस्तातल्या प्लायरचं घर सुटलं की बोटं सरळ भिंतीवर आपटतात.

नट-बोल्ट आणि क्रोमच्या नळाला दातेरी प्लायर लावूच नका; नटाचे कोपरे गोल होतात. त्यासाठी गुळगुळीत, समांतर जबड्यांचा प्लायर-पाना येतो. आणि विहिरीतल्या मोटारीचे जीआय कॉलम पाइप सोडवायला यातलं काहीच नको, तिथे पाइप पाना किंवा साखळी पानाच.

१२. जर्मन, जपानी की आपली देशी?

देशावरून नाही, मॉडेलवरून ठरवा. जर्मनीतल्या वुपर्टालची क्निपेक्स १८८२ पासून पक्कडीच करत आली आहे आणि कटर, वॉटर पंप प्लायर आणि प्लायर-पाना या तीन प्रकारांत तिचं काम खरंच वेगळं जाणवतं. जपानच्या निगाता भागातल्या सान्जो-त्सुबामे परिसरात धातुकामाची जुनी परंपरा आहे. तिकडचे बारीक कटर हातात घेतल्यावर सोडवत नाहीत.

पण साध्या आठ इंची पक्कडीसाठी समुद्रापार जायची गरज नाही. टपारियाचा कारखाना आपल्या शेजारी नाशिकला आहे, स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उभा राहिलेला. खानदेशातल्या किती वायरमननी त्या पक्कडीवर संसार केलेत ते कोणत्याही शटरमध्ये डोकावलं की दिसतं.

आयात मालात नकली फार येतो. अक्षरं छापलेली की कोरलेली, मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत आहे का, पक्कं बिल मिळतंय का, एवढं बघा. निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत नसतं.

१३. चकचकीत क्रोम की काळी?

पाण्या-चिखलातल्या कामाला क्रोम. काळी पक्कड तेलाचा हात फिरवत राहिलात तर तितकीच टिकते. धारेवरून क्रोमचे पापुद्रे सुटत असतील तर नका घेऊ.

१४. नवी पक्कड जाम फिरते. आणि जुनी ढिली झाली तर रिवेट ठोकू का?

नवी थोडी घट्ट असणं चांगलं लक्षण. सांध्यात मशीन तेलाचा एक थेंब टाका, उघडझाप करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसा. दोन-चार वेळा केलं की मोकळी होते. ग्रीस भरू नका, कापसाच्या काळ्या मातीची धूळ त्यात बसते आणि सांध्याला कानशीसारखी खाते. बोअरच्या कामानंतर सांधा डिझेलने धुऊन, पुसून, मग तेल.

रिवेट ठोकल्याने पक्कड काही दिवस घट्ट वाटते. पण झिजलेला असतो तो आतला पृष्ठभाग, तो काही भरून येत नाही. बांधणीच्या तारेला पीळ द्यायला वापरा, कटाईतून काढा.

१५. धारेला खाच पडली. ग्राइंडर मारून देऊ का? किंवा अर्धा भाग बदलून मिळेल?

ग्राइंडर नको. पोलादावर निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं समजा, पुढची तार तिथेच रुतेल. शिवाय धार घासली की दोन्ही धारांमध्ये फट पडते, कारण जबड्यांची टोकं आधीच टेकलेली असतात. बारीकशी खरखर असेल तर तेलाच्या दगडावर हलक्या हाताने काढा, तेवढंच.

अर्धा बदलण्याची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतली क्लाइन कंपनी आपला इतिहासच तिथून सांगते: १८५७ मध्ये शिकागोत एका तारखात्याच्या लाइनमनची पक्कड तुटली आणि लोहार मथायस क्लाइन यांनी तिचा एक अर्धा नवा घडवून जोडून दिला, पुढे दुसरा अर्धाही तुटला, तोही त्यांनीच घडवला. आज दोन्ही अर्धे जोडीने घासलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या पक्कडीचा अर्धा बसवला तरी धारा जुळत नाहीत.

१६. महागाची घेतली आणि धार तुटली, तर कंपनी बदलून देईल का?

कशाने तुटली त्यावर आहे, आणि ते तुटलेल्या धारेवर वाचता येतं. भिंग लावून बघा. तारेच्या आकाराची गोल खाच, दोन्ही धारांवर समोरासमोर असेल, तर मापाबाहेरची कडक तार कापली गेलीय. कडेला वितळलेला मणी आणि काळा डाग असेल तर चालू वायर कापली, शॉर्ट झालंय. या दोन्हींत कंपनी हात वर करते, आणि ते बरोबरच आहे. दांडीला पाइप घालून जोर लावला असेल तर दांडी वाकलेली असते, तेही लपत नाही.

पण धारेचा कपचा उडालाय, तुटलेली जागा राखाडी दाणेदार दिसतेय आणि तुम्ही मऊ तारच कापत होतात, तर पाणी देण्यात दोष असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी धार घासू नका, साफही करू नका. तुटलेल्या जागेचा जवळून फोटो, कापत असलेल्या तारेचा तुकडा आणि बिल असं तिन्ही घेऊन दुकानदाराकडे जा. बिल नसेल तर चांगली कंपनीही फार काही करू शकत नाही.